विश्लेषण : सिरसाळ्याचे आमदार एकेकाळी हैदराबादला का बसत होते? मतदारसंघाची रेषा हलली की गावाचे काय बदलते?

राज्य सरकारने २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या नोंदींबाबत शासन निर्णय काढला आणि ‘हैदराबाद गॅझेट’ हा शब्द बीड जिल्ह्यात घराघरांत पोहोचला. आजोबा-पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे, हे पाहण्यासाठी लोक जुनी दप्तरे शोधू लागले. त्याच हैदराबाद राज्याच्या आणखी एका दप्तराकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. ते आहे १९५२ मध्ये निवडून आलेल्या हैदराबाद विधानसभेचे.

परळीहून तेलगावमार्गे बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे सिरसाळा हे आज परळी विधानसभा मतदारसंघातले गाव. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी याच गावच्या मतदारांनी पहिल्यांदा मत दिले, तेव्हा निवडून येणारा सदस्य मुंबईला नव्हे, हैदराबादला जाणार होता. पाच वर्षांच्या आत ते राज्यच राहिले नाही. सदस्य तेच, मतदार तेच, पण सभागृह बदलले. त्यानंतरही मतदारसंघांच्या रेषा पुन्हा पुन्हा हलल्या आणि आता नव्या जनगणनेनंतर त्या आणखी एकदा हलण्याची चिन्हे आहेत. रेषा हलली की गाव जागचे हलत नाही. बदलतो तो गावाने प्रश्न विचारण्याचा पत्ता. हे कसे घडत गेले आणि पुढच्या वेळी गावकऱ्यांनी कशावर लक्ष ठेवायला हवे, ते समजून घेऊ या.

१९५२ पूर्वी सिरसाळ्याला मत होते का?

आजच्या अर्थाने नव्हते. बीडसह मराठवाड्याचे पाचही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानात कायदेमंडळ होते, पण ते लोकांनी निवडलेले नव्हते. तीसच्या दशकाच्या अखेरीस आयंगार समितीच्या शिफारशींवरून ज्या सुधारणा जाहीर झाल्या, त्यांत प्रतिनिधित्वाचा पाया गाव किंवा तालुका हा नव्हताच. जहागीरदार, पट्टेदार, कुळे, व्यापारी, वकील, पदवीधर अशा हितसंबंधांच्या गटांनुसार जागा ठरवण्यात आल्या. त्यातही हिंदू आणि मुस्लिम यांना समसमान जागा होत्या. लोकसंख्येशी या वाटपाचा मेळ नव्हता. स्टेट काँग्रेसने या सुधारणांवर बहिष्कार टाकला.

याचा गावपातळीवरचा अर्थ साधा होता. शेतात राबणाऱ्या माणसाला ‘आमच्या भागाचा सदस्य’ असे म्हणायला कोणी नव्हते. ‘मतदारसंघ’ म्हणजे नकाशावरचा एक तुकडा आणि त्यात राहणाऱ्या प्रत्येक प्रौढाला एक मत, ही कल्पना सिरसाळ्यासाठी १९५२ मध्येच प्रत्यक्षात आली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आले, १९४९ मध्ये जहागिरी रद्द करण्याचा हुकूम निघाला आणि १९५० मध्ये राज्यघटना लागू झाली. त्यानंतरची पुढची पायरी म्हणजे मतपेटी.

हैदराबाद विधानसभा कशी निवडली गेली?

मतदारसंघ आखण्यासाठी तेव्हा स्वतंत्र परिसीमन आयोग नव्हता. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार निवडणूक आयोगाने आराखडे तयार केले आणि राष्ट्रपतींच्या आदेशाने ते १९५१ मध्ये लागू झाले. हैदराबाद विधानसभेसाठी १४२ मतदारसंघ ठरले. त्यांतून १७५ सदस्य निवडायचे होते.

मतदारसंघ १४२ आणि आमदार १७५ कसे, असा प्रश्न आज कोणालाही पडेल. कारण १०९ मतदारसंघ एका सदस्याचे होते आणि ३३ मतदारसंघ दोन सदस्यांचे. १०९ अधिक ६६, म्हणजे १७५.

मतदानाची पद्धतही वेगळी होती. मतपत्रिकेवर उमेदवारांची नावे नव्हती, शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. मतदाराने आडोशाला जाऊन हव्या त्या पेटीत मतपत्रिका टाकायची, एवढेच. बहुसंख्य मतदारांना लिहिता-वाचता येत नव्हते, त्यामुळे ही सोय केली होती. मतदानाचे वय २१ होते आणि बोटाला शाई लावण्याची पद्धत तेव्हापासूनचीच.

दोन आमदारांचा मतदारसंघ म्हणजे काय?

अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा द्यायच्या, तर त्यासाठी आजच्यासारखा अख्खा मतदारसंघ राखीव ठेवला जात नव्हता. मोठा मतदारसंघ आखून त्यात एक सर्वसाधारण आणि एक राखीव अशा दोन जागा ठेवल्या जात. प्रत्येक मतदाराला दोन मते मिळत, पण दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत.

राखीव जागेसाठीच्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मते मिळवणारा आधी निवडून येई. उरलेली जागा बाकी सर्व उमेदवारांमध्ये ज्याची मते जास्त त्याला मिळे. त्यामुळे दोन्ही जागांवर राखीव प्रवर्गातले उमेदवार निवडून येण्याची शक्यताही राहत असे. १९५७ मध्ये आंध्र प्रदेशातील पार्वतीपुरम लोकसभा मतदारसंघात तसेच झाले. तिथे पराभूत झालेले व्ही. व्ही. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, पण निकाल त्यांच्या विरोधात लागला. गिरी पुढे राष्ट्रपती झाले. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून दोन सदस्यांचे मतदारसंघ बंद केले आणि आजची ‘एक मतदारसंघ, एक आमदार’ ही पद्धत सगळीकडे आली. ‘राखीव मतदारसंघ’ ही सध्या आपल्या अंगवळणी पडलेली गोष्टही तेव्हापासून सार्वत्रिक झाली.

निकाल काय लागला?

१७५ पैकी काँग्रेसला ९३ जागा मिळाल्या. बहुमताची रेषा ८८ होती, म्हणजे सत्ता मिळाली पण फार मोठ्या फरकाने नाही. दुसऱ्या क्रमांकावर पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट, अर्थात ‘पीडीएफ’ होती. तिला ४२ जागा होत्या. कम्युनिस्ट पक्षावर हैदराबाद राज्यात बंदी असल्याने त्यांचे उमेदवार या आघाडीच्या नावाने उभे होते. समाजवादी पक्षाला ११, शेतकरी कामगार पक्षाला १०, शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनला ५ आणि अपक्षांना १४ जागा मिळाल्या.

बीड जिल्ह्याचा कल या आकड्यांतून पूर्ण कळत नाही. तो कळतो त्याच वेळी झालेल्या लोकसभेच्या निकालातून. बीडमधून काँग्रेसचा नव्हे, तर पीडीएफचा उमेदवार लोकसभेवर गेला. ते होते अंबाजोगाईचे रामचंद्र गोविंद उर्फ बाबासाहेब परांजपे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात ते स्वामी रामानंद तीर्थ यांचे सहकारी होते. स्वामीजी त्या निवडणुकीत गुलबर्ग्यातून काँग्रेसचे खासदार झाले. म्हणजे एकाच चळवळीतून आलेली दोन माणसे वेगवेगळ्या बाकांवर बसली. पुढे १९६७ मध्ये बीडने क्रांतिसिंह नाना पाटील यांनाही कम्युनिस्ट पक्षाचे खासदार म्हणून निवडून दिले, ते पाहता १९५२ चा कौल अपवाद म्हणून सोडून देता येत नाही.

विधानसभेत बुर्गुल रामकृष्ण राव मुख्यमंत्री झाले. ६ मार्च १९५२ रोजी त्यांनी शपथ घेतली. मराठवाड्यातले दिगंबरराव बिंदू गृहमंत्री झाले. अध्यक्षपदी काशिनाथराव वैद्य होते. विरोधी बाकांवर पीडीएफचे नेते व्ही. डी. देशपांडे हे मराठी भाषक, पण निवडून आले होते तेलंगणातील इप्पागुडा मतदारसंघातून. परभणीचे अण्णासाहेब गव्हाणे शेतकरी कामगार पक्षाचे. राज्यप्रमुख म्हणून, म्हणजे आजच्या राज्यपालाच्या जागी, खुद्द निजाम मीर उस्मान अली खान होते. चार वर्षांपूर्वी ज्यांच्या राजवटीविरुद्ध सत्याग्रह केला, त्यांच्याच नावाने चालणाऱ्या राज्यात आमदार म्हणून बसण्याचा हा प्रसंग होता.

त्या सभागृहाने केलेल्या कामाचा आजच्या सातबाऱ्याशी काय संबंध?

संबंध थेट आहे. महाराष्ट्रात कुळकायदा एक नाही, तीन आहेत. पश्चिम महाराष्ट्र-कोकण-खानदेशात १९४८ चा मुंबई कुळवहिवाट कायदा, विदर्भात १९५८ चा वेगळा कायदा आणि मराठवाड्यात १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा. हा शेवटचा कायदा विधानसभा निवडून येण्याआधीचा. पण त्यात १९५४ मध्ये मोठी दुरुस्ती झाली ती या निर्वाचित सभागृहात. किती जमीन बाळगता येईल, संरक्षित कुळाला कोणते हक्क मिळतील, यावरच्या चर्चा तिथे झाल्या.

इनाम जमिनींचेही तसेच. अतियात चौकशीचा १९५२ चा कायदा आणि इनामे व रोख अनुदाने रद्द करणारा कायदा हे दोन्ही हैदराबाद राज्याचे आहेत. बीड जिल्ह्यात इनाम, देवस्थान किंवा कुळाच्या जमिनीचा वाद तहसीलमध्ये गेला की कागदावर आजही ‘हैदराबाद’ हा शब्द येतो. राज्य संपून सात दशके होत आली, त्याच्या विधानसभेने केलेले कायदे मात्र गावच्या चावडीत जिवंत आहेत.

त्या सभागृहात उर्दू, मराठी, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा पाच भाषा ऐकू येत. बीडच्या सदस्याचे भाषण तेलंगणातल्या सदस्याला समजेलच असे नव्हते आणि उलटही तेच. भाषेचा हा पेचच पुढे राज्याच्या मुळावर आला.

राज्यच विसर्जित होत असताना आमदारांनी काय केले?

डिसेंबर १९५३ मध्ये फाजल अली यांच्या अध्यक्षतेखाली राज्य पुनर्रचना आयोग नेमला गेला. त्याच्या तीन महिने आधी, २८ सप्टेंबर १९५३ रोजी, मराठी भागांतील नेत्यांनी नागपूर करारावर सह्या केल्या होत्या. सह्या करणाऱ्यांत मराठवाड्याचे देवीसिंह चौहान होते. विदर्भाने अटी घातल्या, मराठवाड्याने विनाअट सामील होण्याची भूमिका घेतली, हे वाक्य मराठवाड्यातल्या राजकारणात आजही वारंवार ऐकू येते.

आयोगाचा अहवाल १९५५ मध्ये आला. मराठवाडा मुंबई राज्यात, कन्नड जिल्हे कर्नाटकात आणि तेलंगणाचे तूर्त वेगळे राज्य, अशी शिफारस होती. त्यावर २५ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर १९५५ या काळात हैदराबाद विधानसभेत चर्चा झाली. १४७ सदस्यांनी मत मांडले. त्यांपैकी १०३ जणांनी तेलंगण आणि आंध्र एकत्र करण्याची, म्हणजे विशालांध्राची बाजू घेतली, २९ जणांनी विरोध केला आणि १५ तटस्थ राहिले. या १०३ मध्ये मराठी आणि कन्नड भागांतले सदस्यही होते.

इथे एक अवघड गोष्ट दिसते. मराठवाड्याचे आमदार ज्या तेलंगणाच्या भवितव्यावर बोलत होते, त्या भागात ते स्वतः राहणार नव्हते. त्यांना मते देणाऱ्यांवर त्या निर्णयाचा परिणाम होणार नव्हता. पुढे तेलंगणात या विलीनीकरणाविरुद्ध मोठी आंदोलने झाली आणि २०१४ मध्ये वेगळे राज्य झाले. प्रतिनिधी कोणाला बांधील असतो, हा प्रश्न त्या चर्चेने तेव्हाच पुढे आणला होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी आमदारांचे नेमके काय झाले?

राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. विधानसभा संपली, पण सदस्यत्व संपले नाही. ज्या सदस्याचा मतदारसंघ ज्या राज्यात गेला, तो त्या राज्याच्या विधानसभेचा सदस्य मानला गेला. मराठवाड्याचे मुंबईला, तेलंगणाचे आंध्र प्रदेशात, कन्नड जिल्ह्यांचे म्हैसूरला.

सिरसाळ्याच्या मतदारासाठी याचा अर्थ असा की, मत दिले होते हैदराबादच्या सभागृहासाठी आणि सदस्य बसला मुंबईच्या सभागृहात. मुख्यमंत्री झाले यशवंतराव चव्हाण. त्या सरकारला मराठवाड्यातल्या मतदाराने अजून मत दिलेले नव्हते. तशी संधी १९५७ च्या निवडणुकीत मिळाली. द्विभाषिक मुंबई राज्याची ती विधानसभा ३९६ जणांची होती आणि काँग्रेसला २३४ जागा मिळाल्या. संयुक्त महाराष्ट्र समितीचा जोर पश्चिम महाराष्ट्रात होता, मराठवाडा आणि विदर्भाने काँग्रेसला साथ दिली.

संख्येतला बदलही लक्षात घेण्यासारखा आहे. १७५ जणांच्या सभागृहात मराठी सदस्यांचा गट मोठा होता. ३९६ जणांच्या सभागृहात, जिथे विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र, मुंबई शहर आणि गुजरातही होते, मराठवाड्याचा आवाज आपोआप लहान झाला. भाषेचे नाते जुळले, पण सभागृहातले वजन घटले. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३७१ (२) मध्ये मराठवाड्यासाठी वेगळ्या विकास मंडळाची तरतूद आली ती याच चिंतेतून. वैधानिक विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली.

अंतराचाही प्रश्न होता. निजामाच्या रेल्वेने बांधलेला विकाराबाद-परळी मार्ग परळीला थेट हैदराबादशी जोडत होता. सदस्याला किंवा कामासाठी जाणाऱ्या माणसाला परळीत गाडीत बसले की बीदरमार्गे राजधानी गाठता येई. मुंबईला जायचे तर मनमाडपर्यंतचा मार्ग मीटरगेज, तिथे गाडी बदलायची. बीड शहरात तर रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगर-बीड गाडी सुरू झाली तेव्हा. राजधानी बदलली १९५६ मध्ये, रूळ जुळायला जवळपास सात दशके लागली.

त्यानंतर रेषा किती वेळा हलल्या?

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा विधानसभा २६४ सदस्यांची होती. १९६७ मध्ये ती २७० आणि १९७८ पासून २८८ झाली. प्रत्येक वाढीच्या वेळी मतदारसंघांच्या हद्दी नव्याने आखल्या गेल्या.

या बदलांचा सर्वांत ठळक नमुना परळीच्याच शेजारी आहे. गोपीनाथ मुंडे १९८० मध्ये पहिल्यांदा आमदार झाले ते ‘रेणापूर’ मतदारसंघातून. त्यांचे राजकीय केंद्र मात्र परळी. १५ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला आणि रेणापूर गाव बीड जिल्ह्यातून लातूरकडे गेले. मतदारसंघाचे नाव मात्र २००४ च्या निवडणुकीपर्यंत रेणापूरच राहिले. म्हणजे प्रशासनाचा नकाशा एक आणि निवडणुकीचा नकाशा दुसरा, अशी स्थिती वीस वर्षांहून अधिक काळ होती.

न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या आयोगाने २००१ च्या जनगणनेवर आधारित नवे परिसीमन केले. त्याचा आदेश २००८ मध्ये लागू झाला. बीड जिल्ह्यात त्याआधी गेवराई, माजलगाव, बीड, चौसाळा, आष्टी, केज आणि रेणापूर असे सात मतदारसंघ होते. नव्या रचनेत चौसाळा आणि रेणापूर ही दोन नावे गेली, परळी हे नाव आले आणि मतदारसंघ सहा झाले : गेवराई, माजलगाव, बीड, आष्टी, केज (राखीव) आणि परळी. परळीतून २००९ आणि २०१४ मध्ये पंकजा मुंडे, तर २०१९ आणि २०२४ मध्ये धनंजय मुंडे निवडून आले.

एका आमदारामागे किती लोक?

आकड्यांत पाहिले तर फरक स्पष्ट दिसतो.

• १९५१ च्या जनगणनेनुसार हैदराबाद राज्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८६ लाख ५५ हजार. आमदार १७५. एका आमदारामागे सुमारे १ लाख ७ हजार लोक.

• २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार. आमदार २८८. एका आमदारामागे सुमारे ३ लाख ९० हजार.

• त्याच जनगणनेनुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५ लाख ८५ हजार. आमदार ६. एका आमदारामागे सुमारे ४ लाख ३१ हजार.

म्हणजे १९५२ मध्ये एक सदस्य जेवढ्या लोकांचा प्रतिनिधी होता, त्याच्या चौपट लोकांचे काम आज बीडच्या एका आमदाराकडे आहे. जुने प्रमाण कायम ठेवायचे तर महाराष्ट्राला एक हजाराहून जास्त आमदार लागतील. तसे कोणी सुचवत नाही. पण टँकर, पीकविमा, रस्ता किंवा शाळेच्या खोलीसाठी आमदाराच्या दारात उभ्या असलेल्या रांगेत आपला क्रमांक मागे का जातो, याचे एक कारण या भागाकारात आहे.

आता पुढे काय?

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांची संख्या गोठवली. २००१ च्या ८४ व्या घटनादुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. कुटुंबनियोजन चांगले राबवणाऱ्या राज्यांच्या जागा कमी होऊ नयेत, हा त्यामागचा विचार होता. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख अधिसूचित झाली आहे.

दुसरा धागा महिला आरक्षणाचा. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवल्या, पण त्यांची अंमलबजावणी जनगणनेनंतरच्या परिसीमनाशी जोडली. सध्याच्या २८८ जागांचा हिशेब केला तर त्या ९६ होतात. जागा वाढल्या तर हा आकडाही वाढेल. हद्द, जागांची संख्या आणि आरक्षण अशा तीन गोष्टी एकाच प्रक्रियेत बदलू शकतात, म्हणून हे परिसीमन आधीच्यांपेक्षा जास्त परिणाम करणारे ठरेल.

सिरसाळ्यासारख्या गावाला यात किती वाव आहे?

वाटतो त्यापेक्षा जास्त, पण योग्य वेळ साधली तर. २००८ च्या आदेशात ग्रामीण मतदारसंघांच्या हद्दी तालुके आणि महसूल मंडळे यांच्या नावाने लिहिल्या गेल्या. तालुका पूर्ण बसत नसेल तर त्यातले एखादे मंडळ उचलून शेजारच्या मतदारसंघाला जोडले जाते. सिरसाळा हे स्वतः महसूल मंडळाचे गाव आहे आणि ते परळी तालुक्याच्या धारूर-माजलगावकडच्या बाजूला आहे. लोकसंख्येचा हिशेब जुळवताना आकड्यांचा ताण पडतो तो अशा कडेच्या मंडळांवर. मधले शहर सहसा जागचे हलत नाही.

मंडळ हलले तर काय होते? तहसील कार्यालय परळीला, आमदाराचे कार्यालय दुसऱ्या तालुक्यात, अशी विभागणी होते. आधीच्या आमदाराने दिलेल्या शब्दाला नवा आमदार बांधील नसतो आणि जुन्याला आता त्या मतांची गरज नसते. १९५६ मध्ये पूर्ण मराठवाड्याबाबत जे घडले, ते अशा वेळी एका मंडळापुरते पुन्हा घडते.

२००२ च्या परिसीमन कायद्यात यासाठी एक पद्धत आहे. प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार आयोगाचे सहयोगी सदस्य असतात. ते चर्चेत भाग घेतात, मात्र त्यांना मताचा अधिकार नसतो. आयोग प्रारूप प्रसिद्ध करतो, हरकती आणि सूचना मागवतो, जाहीर सुनावणी घेतो आणि मग अंतिम आदेश काढतो. अंतिम आदेशाला कायद्याचे बळ असते. अनुच्छेद ३२९ मुळे त्याला न्यायालयात आव्हान देता येत नाही, अशीच दीर्घकाळ समजूत होती. २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने उघड मनमानी असेल तर न्यायालय तपासू शकते असे म्हटले, पण तो मार्ग अरुंदच आहे. खरी संधी प्रारूप आणि अंतिम आदेश यांच्या मधल्या काळात असते.

त्या काळात ग्रामसभेचा ठराव करून हरकत देता येते. हरकतीत भावना लिहून फारसे साधत नाही. तहसील, पोलीस ठाणे, बाजारपेठ, एसटीचा मार्ग आणि अंतर यांची माहिती लिहिली तर तिला वजन येते, कारण भौगोलिक सलगता, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय हे निकष कायद्यातच आहेत.

जुनी नोंद शोधायची असेल तर?

हैदराबाद काळातल्या कागदपत्रांत आजची नावे टाकून शोध घेतला तर हाती काही लागत नाही. बीडचे नाव तेव्हा ‘भीर’ असे लिहिले जाई, माजलगावचे ‘मांजलेगाव’ आणि अंबाजोगाईचे ‘मोमिनाबाद’. जुन्या महसुली कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० मिळवले की इसवी सन साधारण कळतो. उदाहरणार्थ, १३५८ फसली म्हणजे १९४८-४९.

सिरसाळ्यात १९५२ मध्ये पहिल्यांदा मत देणाऱ्या पिढीतले फार थोडे लोक आता उरले असतील. त्यांनी मत दिलेले राज्य राहिले नाही, त्यांची राजधानी दुसऱ्या राज्यात गेली आणि हैदराबादची ती विधानसभा इतिहासजमा झाली. हे सगळे ठरले तेव्हा त्यांना कोणी विचारले नव्हते, विचारण्याची तशी पद्धतही नव्हती. पुढच्या वेळी रेषा आखली जाईल तेव्हा प्रारूप प्रसिद्ध होईल आणि हरकतीसाठी काही दिवस मिळतील. ते दिवस कोणते, एवढे तरी गावाला वेळेत कळायला हवे.